चाळिसावा ताप

मे महिन्यात वृषाली खवणेकर मरता मरता वाचली आणि ऑगस्टमध्ये तिला कळलं, की आपलं रक्त सगळं विसरून गेलं आहे.

ती स्वतः काहीसुद्धा विसरली नव्हती. शेजारच्या सुगंधाने पितळेचं पातेलं कुठल्या साली नेलं आणि अजून परत केलं नाही, हे ती महिन्यानिशी सांगू शकत होती. पण रक्त विसरलं होतं, आणि हे सांगायला आलेली मुलगी मोठी गोड होती. पल्लवी मेश्राम तिचं नाव. मूळची भंडाऱ्याची, आता जिल्ह्याच्या स्मृतिवाचन केंद्रात तंत्रज्ञ. मालवणी बोली समजायला तिला दोन महिने लागले होते. आता समजत होती, बोलता मात्र येत नव्हती.

"हे पाहा काकू," पल्लवीने हातातल्या यंत्राचा पडदा वृषालीसमोर धरला. त्यावर ठिपके होते, रांगोळीच्या कागदावर असतात तसे. "हा तुमचा दोन वर्षांपूर्वीचा थेंब. रेशन दुकानावर आलेल्यांचे घेतले होते, आठवतं? यात दोनशे चौदा ठिपके आहेत. एक ठिपका म्हणजे एक आजार. तुमच्या शरीराने कधीतरी तोंड दिलेला आणि ओळख ठेवलेला. आणि हा परवाचा थेंब."

परवाच्या थेंबात एकसष्ट ठिपके होते.

"बाकीचे खय गेले?" वृषालीने विचारलं. भीती नंतर वाटायची होती, आधी कुतूहल. तिचा स्वभावच तसा. लहानपणी विंचू चावला तेव्हा रडायच्या आधी तिने विंचवाचे पाय मोजले होते.

झालं होतं असं. खाडीत ओहोटीला खडप उघडं पडतं आणि त्या खडकांना चिकटलेली कालवं गावातल्या बाया लोखंडाने काढतात. वीतभर लांब, टोकाशी किंचित वाकडं असं ते लोखंड. वृषाली चोवीस वर्षं हेच करत आली होती. मेच्या पंधरा तारखेला कालवाच्या शिंपल्याची धार तिच्या उजव्या तळव्यात गेली. असं याआधी शेकडो वेळा झालं असेल. तिने खाडीच्या पाण्यात हात धुतला, पदराची चिंधी गुंडाळली आणि टोपली भरून घरी आली. त्या साली मे असा तापला होता, की खाडीचं पाणी न्हाणीतल्या पाण्याएवढं गरम होतं. अशा पाण्यात पटकीच्या जंतूचा एक दांडगा भाऊबंद भराभर वाढतो. तो जखमेतून आत शिरला. सकाळी हात कोपरापर्यंत सुजला, दुपारी अंगावर काळेनिळे फोड आले, आणि संध्याकाळी फोनवरच्या मुलाला तिने "कोण तुमी?" असं विचारलं. पुढचे अकरा दिवस ती जिल्ह्याच्या इस्पितळात नळ्यांना जोडलेली होती.

"सेप्सिसमध्ये जंतू माणसाला मारतात असं लोकांना वाटतं," पल्लवी सांगत होती. "ते अर्धंच खरं आहे. घरात चोर शिरला म्हणून सगळा गाव मशाली घेऊन धावला आणि त्या गडबडीत घरच पेटलं, असं होतं. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच रक्तवाहिन्या, आपलीच मूत्रपिंडं भाजून काढते. मग शरीर घाबरून उलटी आज्ञा सोडतं: थांबा, पुरे. ही आज्ञा आगीइतकीच वाईट. लढणाऱ्या पेशी कोट्यवधींनी आपण होऊन मरतात. उरतात त्या इतक्या थकलेल्या, की शत्रू समोर आला तरी हात उचलत नाहीत. काही पेशींचं काम असतं जंतू पकडून बाकीच्यांना दाखवायचं, त्या दाखवणंच सोडून देतात. आणि जुन्या आजारांची ओळख सांभाळणाऱ्या स्मृतिपेशी, त्या या पडझडीत ढिगाने जातात. तुमच्या कमरेवर जुलैत नागीण उठली ना?"

"उठली. आग आग झाली नुसती."

"ती नागीण म्हणजे तुमच्या लहानपणच्या कांजिण्या. चाळीस वर्षं मज्जातंतूत झोपून होत्या, पहारा होता म्हणून. पहारा उठला, त्याही उठल्या."

वृषालीने आपल्या कमरेकडे नव्याच आदराने पाहिलं. चाळीस वर्षं एक पाहुणा घरात राहतो आणि यजमानिणीला पत्ता नाही!

पण आदराने पोट भरत नाही. तिची अवस्था अशी होती, की घरातली पडवीलगतची एक खोली प्लास्टिकचं अस्तर लावून, खिडकीला बंद काच बसवून आणि हवा गाळायचं यंत्र लावून तिच्यासाठी केली होती. गावाने तिचं नाव 'काचखोली' ठेवलं. वृषालीने तिथेच राहायचं, शिजवलेलं तिथेच खायचं. खाडीचा वाराही नको. लशी दोन देऊन पाहिल्या, पण रक्ताने त्यांची दखलच घेतली नाही. लस म्हणजे धडा. वर्गात पोरंच नाहीत तर मास्तर कुणाला शिकवणार? आणि या खाडीतल्या जंतूंवर लस अशी कुणी काढलेलीच नव्हती.

मुलगा श्लोक पुण्याला होता, तेवीस वर्षांचा, चांगल्या नोकरीत. त्याने सगळं ठरवून टाकलं होतं. "आई, दिवाळीपर्यंत वाट बघू. नाहीच काही झालं, तर तू इकडे यायचं. कायमचं. चौदावा मजला आहे, सगळी हवा गाळलेली. तुला खाली उतरायची गरजच नाही."

पोराच्या मनात माया होती यात शंका नाही. पण वृषालीने तो फ्लॅट पाहिला होता. तिथून दिसणारं पाणी म्हणजे समोरच्या सोसायटीचा पोहण्याचा तलाव. खाली उतरायचं नाही, चिखलात पाय घालायचा नाही, ओहोटी किती वाजता आहे ते कुणी विचारायचं नाही. नवरा गेल्यावर ती स्वतःच्या हातावर जगली होती. मासळीबाजारात तिच्या कालवांसाठी बाया थांबून राहत. ते सगळं सोडून चौदाव्या मजल्यावर नुसतं जिवंत राहायचं, हे तिला मंजूर नव्हतं.

वाचायची वाट एकच होती. तिला म्हणत शिकवणी.

"दुसऱ्याच्या पेशी तुमच्यात घालून उपयोग नाही, शरीर हाकलून देतं," पल्लवीने सांगितलं होतं. "पण दुसऱ्याच्या स्मृतिपेशी वाचता येतात. अमुक जंतूला पकडायचा साचा कसा, ते त्यांत लिहिलेलं असतं. तो साचा आम्ही उतरवून घेतो आणि तुमच्याच मज्जेतल्या नव्या, कोऱ्या पेशींत लिहितो. एका वेळी चाळीस साचे. त्याहून जास्त लिहिले तर पेशी गोंधळतात. मात्र शिकवणारा माणूस असा पाहिजे, ज्याने तुमचेच जंतू पाहिलेत. तुमच्याच पाण्यातले, तुमच्याच चिखलातले. पुण्यामुंबईच्या माणसाच्या रक्ताला या खाडीचं काय माहीत?"

सगळ्यांनी हक्काने श्लोकचं नाव सुचवलं. त्याने थेंब दिला. वृषालीच्या हरवलेल्या एकशे त्रेपन्न ठिपक्यांपैकी त्याच्यात निघाले अडतीस, आणि खाडीचे त्यात तीनच. दहाव्या वर्षी तो वसतिगृहात गेला होता. मग वेंगुर्ल्याची सख्खी बहीण आली. तिचे एकतीस.

"सख्खी भयण गो ती माजी!" वृषाली वैतागली.

"जन्माचं रक्त एक आहे काकू. पण ताप वेगळे."

ही गोष्ट वृषालीच्या मनात घर करून बसली. आपण नाती मोजतो ती जन्मावरून, लग्नावरून. हे यंत्र मोजत होतं कोण कुणाबरोबर खोकलं त्यावरून.

सप्टेंबरच्या शेवटी पल्लवी आली ती जवळजवळ पळतच. मुखपट्टीआडूनही तिचं हसू दिसत होतं.

"सापडला! एकशे सव्वीस ठिपके जुळतात. खाडीचे जवळजवळ सगळे. जिल्ह्याच्या संग्रहातच होता थेंब, शोध आत्ता पुरा झाला."

"कोण?"

पल्लवीचं हसू मावळलं. "नाव मला सांगता येत नाही. दात्याने नाव गुप्त ठेवलंय. थेंबातून नुसती अनुक्रमणिका मिळते, पुस्तक वाचायला तीन तास बसून रक्त द्यावं लागतं. त्याला दात्याची पुन्हा संमती लागते. विचारलंय. अजून उत्तर नाही."

"मगे ठिपके तरी दाखय."

ठिपके दाखवायला बंदी नव्हती. वृषालीने चष्मा लावला आणि ती एकेका नावावर बोट ठेवत निघाली. उंदराच्या मुतापासून येणारा ताप, तो अर्ध्या गावाला आला होता. सांधे धरणारा ताप, तो तर सगळ्याच गावाला. खाडीचे जंतू कालवांवर जाणाऱ्या कुणालाही. त्या बाया वीसेक. आणि मग एका ठिपक्यावर तिचं बोट थांबलं. तिथे असं लांबलचक नाव होतं, की उच्चारताना जीभ अडखळावी.

"ह्या काय?"

पल्लवीने वाचलं, भुवया उंचावल्या. "अरे बाप्पा. हा पोपटाचा ताप आहे. पक्ष्यांच्या विष्ठेची धूळ श्वासात गेली की होतो. खोकला, न्यूमोनिया. फार क्वचित सापडतो." तिने बोटाने काहीतरी चाळलं. "आपल्या सगळ्या जिल्ह्यात तिघांच्याच रक्तात याची ओळख आहे. तुमचा जुना थेंब, श्लोकचा थेंब आणि हा दाता."

वृषालीचं बोट त्या ठिपक्यावरच राहिलं. तिने विचारलं, "ह्या दात्यान थेंब कदी दिल्यान?"

"एकोणीस मे."

एकोणीस मे. म्हणजे वृषाली इस्पितळात नळ्यांना लागून तीन दिवस झाले होते. गावात ती गेलीच अशी बातमी उठली होती. त्या दिवशी कुणीतरी तालुक्याला जाऊन, काही न विचारता, काही न सांगता बोट पुढे केलं होतं.

पोपट एकाच घरात होता. त्या घरात तेव्हा चार माणसं होती: वृषाली, तिचा नवरा, श्लोक आणि थोरली जाऊ दर्शना. नवरा वारला होता. उरली दर्शना, आणि दर्शना गेली चौदा वर्षं वृषालीशी बोलत नव्हती.

त्या पोपटाचं नाव होतं गुंड्या. दर्शनाच्या नवऱ्याने तो पिल्लू असताना आणला आणि त्याला एकच वाक्य शिकवलं. हे वाक्य तो स्वतः बंदरावरून घरी येऊन उंबऱ्यात पाय ठेवताच म्हणायचा: "गो, च्या टाक!" पुढे एका वादळात त्याची होडी परत आली नाही. दर्शनाला मूलबाळ नव्हतं. पण पडवीतल्या पिंजऱ्यातून रोज संध्याकाळी नवऱ्याच्या आवाजात हाक यायची, आणि ती उठून खरोखर चहा टाकायची. कुणी हसलं नाही. हसावं अशी ती गोष्ट नव्हतीच.

मग एका हिवाळ्यात घर खोकू लागलं. आधी दर्शना, मग वृषाली, मग नऊ वर्षांचा श्लोक. मोठ्या बाया बऱ्या झाल्या, पोराचा ताप हटेना. छातीत घरघर, बरगड्या मोजाव्यात असं अंग. डॉक्टर म्हणाले घरात ओल आहे. वृषालीची नजर मात्र पिंजऱ्याखालच्या वाळलेल्या घाणीवर गेली. झाडताना तीच धूळ उडते, तीच पोराच्या नाकात जाते, असं तिच्या मनाने घेतलं. दर्शनाला ती दोनदा म्हणाली, की गुंड्याला कुणाकडे तरी ठेवू या. दर्शनाने ऐकलं नाही. एका दुपारी दर्शना बाजारात गेलेली असताना वृषालीने पिंजऱ्याची कडी काढली. हाताने नाही. कालवं काढायच्या लोखंडाच्या टोकाने.

हा शहाणपणा तिला तेव्हा फार मोठा वाटला होता. कारण पुढे काय होणार हे तिला ठाऊक होतं. गावात चोरी, खोटं, काहीही झालं की ग्रामदेवतेच्या देवळात नारळ उचलून शपथ घ्यायची रीत. दर्शनाने तिला देवळात नेलंच. वृषालीने नारळ उचलला, गावासमोर उजवा तळवा दाखवला आणि म्हणाली, "पिंजऱ्याक माजो हात लागूक नाय." शब्द खरा होता. नारळ उचललेल्या बाईला खोटी म्हणायची सोय नसते. दर्शनाने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती देवासमोरच बोलली: "जेना ह्या केल्यान, तेना आपल्या तोंडान सांगीपर्यंत मी ह्या घराचो उंबरो चढूचंय नाय." त्याच दिवशी तिने खाडीकडच्या लहान घरात चूल मांडली. श्लोक पंधरा दिवसांत बरा झाला. खडपावर दोघी जात राहिल्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला.

आणि चौदा वर्षांनी शिंपला शिरला तो त्याच उजव्या तळव्यात. गावाने लगेच म्हटलं, देवान हात धरल्यान. पल्लवीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली होती, "काकू, जंतूंना शपथा कळत नाहीत." वृषालीला हे पटत होतं. तरी तळव्यावरचा व्रण बघताना ती दर वेळी नजर चुकवायची.

"दात्याक निरोप धाडूक येता?" तिने आता विचारलं.

येत होता. त्यासाठी सरकारी नमुना होता. 'दात्यास निरोप, अक्षरमर्यादा दोनशे, ओळख उघड करू नये.' पल्लवी लिहून घ्यायला बसली. वृषाली मनात हिशेब करू लागली. अंदाज चुकला असेल तर कुणा भलत्याच माणसाला हा निरोप मिळेल, आणि तो बिचारा डोकं खाजवत बसेल. नाही चुकला तर? तर चौदा वर्षांची अब्रू एका ओळीत जाणार. नारळाची शपथ घेऊन गावाला फसवलं, हे आपल्याच तोंडाने सांगायचं.

"लिव," ती म्हणाली. "पिंजऱ्याची कडी मी काढलंय. लोखंडान."

पल्लवीने वर बघितलं. "एवढंच?"

"एवढाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दर्शना उभी होती.

काचेच्या आतून वृषालीने तिला बघितलं आणि तिला आधी दिसले ते तिचे पांढरे केस. खडपावर डोक्याला फडकं बांधलेलं असायचं, त्यामुळे कळलं नव्हतं. दर्शना उंबऱ्यापासून पाच हात लांब, कपडे धुवायच्या दगडावर बसली. तिने तोंड उघडलं, काहीतरी बोलली. काच बंद, आवाज आत येईना. वृषालीने खुणेने फोन दाखवला. दर्शनाने पिशवीतून फोन काढला, लांब धरून डोळे बारीक करत बोटं चालवली. वृषालीचा नंबर तिने चौदा वर्षांपूर्वी बंद करून ठेवला होता आणि आता उघडायचा कसा ते तिला आठवत नव्हतं. शेजारच्या सुगंधाला हाक मारावी लागली. सुगंधाने नंबर उघडून दिला आणि ती तिथेच उभी राहिली. दर्शना म्हणाली, "जा आता." ती गेली, फार लांब नाही.

फोन वाजला.

"कोणाक सांगलंस ह्या?" दर्शनाचा आवाज.

"कोणाक नाय, वयनी. तुकाच."

"देवळात हात दाखवलंस."

"हात लागूक नाय म्हटलंय. खोटा नाय बोललंय."

"खोटा बोललं असतंस तर बरा होता," दर्शना म्हणाली. "खोट्याक माफी असता. तू हुशारी केलंस."

वृषालीने मान खाली घातली. फोनमधून दर्शनाचा श्वास ऐकू येत होता. ती रक्ताबद्दल काहीतरी विचारेल, हो किंवा नाही म्हणेल, असं वृषालीला वाटत होतं. दर्शनाने विचारलं ते वेगळंच.

"गुंड्या उडालो तेवा काय बोललो?"

चौदा वर्षं तिने हा प्रश्न सांभाळून ठेवला होता. वृषालीला एकदम रडू फुटलं. इथे एक बरं वाटेलसं खोटं सांगता आलं असतं. आंब्यार बसलो, तुजा नाव घेतल्यान, मगे उडालो. कोण होतं तपासायला? यंत्राच्या ठिपक्यांत ते दिसलं नसतं.

"उडालोच नाय," ती म्हणाली. "कडी काढलंय तरी बसान रवलो. मगे उंबऱ्यार इलो. माज्याकडे बगून म्हणूक लागलो, गो, च्या टाक. तीनदा म्हटल्यान. माका वाटला, जाऊचो नाय ह्यो. मी केर काढूची वाढवण घेतलंय आणि हाकललंय. तेवा गेलो."

दर्शना दगडावरून उठली. फोन बंद झाला. ती वळली आणि खाडीच्या वाटेने चालती झाली, मागे न बघता. वृषाली काचेला हात लावून तशीच उभी राहिली. गेलं सगळं, तिला वाटलं. आता पुणं. पण आश्चर्य म्हणजे, चौदा वर्षं वाहिलेलं ओझं उतरल्यासारखंही तिला वाटत होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात याचं कोडं पडून ती कितीतरी वेळ बसून राहिली.

चार दिवसांनी पल्लवी आली. संमती मिळाली होती. पण चेहरा गोंधळलेला.

"दात्याने अट घातलीय. असं करता येत नाही, मी सांगितलं. कुठले चाळीस साचे घ्यायचे हे रुग्ण आणि डॉक्टर ठरवतात. पण दाता म्हणतो, चाळिसांत पोपटाचा ताप पाहिजे. नाहीतर नाही."

वृषालीने डोळे मोठे केले.

"काकू, ऐका. हे खुळेपणाचं आहे. त्या तापाचा तुम्हाला धोका नाही, घरात पोपट नाही. एकोणचाळीस आम्ही पक्के केलेत. चाळिसावी जागा पाण्यातून येणाऱ्या काविळीची होती. ती सोडली तर जन्मभर पाणी उकळून प्यावं लागेल, एक घोटसुद्धा बाहेरचा नाही. मी दात्याला पुन्हा समजावते."

"काय म्हणालो तो दाता? शब्दान् शब्द सांग."

पल्लवीने आठवून, आपल्या भंडाऱ्याच्या जिभेवर मालवणी शब्द कसेबसे बसवत सांगितलं, "ती इसारली तर इसारांदे. तिच्या रगताक आठवण रवांदे."

वृषाली हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. अगदी वयनी. शिक्षाही अशी देणार, की ती औषधातूनच पोटात जावी.

"घाल," ती म्हणाली. "कावीळ काढ आणि पोपट घाल. मी ठरवतंय, दाता नाय. असा लिव तुज्या कागदार."

दर्शना केंद्रात तीन तास सुई टोचून बसली. यंत्राने तिच्या स्मृतिपेशी एकेक करून वाचल्या, साचे उतरवले. वृषालीच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढून त्यातल्या कोऱ्या पेशींत ते लिहिले, थकलेल्या पेशींना जागं करणारं औषध जोडीला दिलं, आणि सगळं परत शिरेतून आत सोडलं. मग वाट पाहणं. पंधरा दिवस तिला सडकून ताप येत होता. पल्लवी खूश. "येऊ द्या काकू, ताप म्हणजे वर्ग भरलाय." दिवाळीत थेंब घेतला तेव्हा अकरा ठिपके उगवले होते. डिसेंबरात सदतीस. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चाळीस. सगळ्यांत आधी उगवलेल्या अकरांमध्ये पोपटाचा ताप होता, का ते पल्लवीला सांगता आलं नाही.

श्लोक फोनवर म्हणाला, "यंत्र सांगतंय म्हणून लगेच खाडीत उतरू नको. कागदावर ठिपके येणं वेगळं, अंगात लढणं वेगळं." पोरगा शहाणा होता. खरं काय ते खाडीच सांगणार होती.

जानेवारीच्या थंड ओहोटीला वृषाली खडपावर गेली. चिखल पायाच्या बोटांतून वर आला आणि ती दोन मिनिटं काहीच न करता उभी राहिली. पलीकडच्या टोकाला डोक्याला फडकं बांधून दर्शना वाकलेली होती. तिने मान वर केली नाही. दीड तासाने, टोपली निम्मी झाली असताना, शिंपला सटकला आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी धार लागली. रक्ताचा थेंब खडकावर पडला.

ओरडलं कुणी नव्हतं. तरी पलीकडच्या टोकाची ठोकाठोक थांबली.

"रगत?" दर्शनाने तिथूनच विचारलं.

"इवलासा."

"घराक जा. साबणान धू."

या वेळी तिने खाडीच्या पाण्यात हात धुतला नाही. घरी येऊन साबणाने धुतला, औषध लावलं आणि बसून अंगठ्याकडे बघत राहिली. श्लोकला कळवलं नाही, पल्लवीला कळवलं. पहिल्या दिवशी जखमेभोवती लाली आली, ठणका लागला. "लाल झालं? छान," पल्लवी फोनवर म्हणाली. "सैन्य पोचलं. आता लाली जागच्या जागी राहते की पसरते, तेवढं बघा." वृषालीने निळ्या पेनने लालीच्या कडेने रेघ ओढली. दर दोन तासांनी चष्मा लावून रेघ तपासली. जीव मुठीत होता. पण खरं सांगायचं तर तिला मौजही वाटत होती. त्या रेघेच्या आत, तिच्या कातडीखाली, दर्शनाच्या रक्ताने शिकवलेल्या पेशी खाडीचा जंतू ओळखत होत्या किंवा नव्हत्या, आणि तिला नुसतं बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी लाली रेघेपाशीच होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती रेघेच्या आत सरकली, आणि मधोमध इवलीशी, कोरडी, तपकिरी खपली धरली.

ती अंगठा उन्हात धरून बघत होती, तेवढ्यात दारात सावली पडली. दर्शना. पाय धुवून आली होती, पावलं ओली होती.

"दाखय."

वृषालीने हात पुढे केला. दर्शनाने अंगठा धरून उजेडात इकडून तिकडून फिरवला. खपलीवर नखाने हलकेच टिचकी मारली, कोळंबी ताजी आहे का बघतात तशी. मग तिने हात सोडला आणि उंबऱ्याकडे पाहिलं.

दर्शनाने उजवा पाय उचलला आणि उंबऱ्याच्या आत ठेवला.

"गो, च्या टाक," ती म्हणाली.

वृषाली चुलीकडे वळली. पातेल्यात पाणी ओतलं, थोडं बाहेर सांडलं. मागून दर्शनाचा आवाज आला, अगदी घरातल्या बाईचा.

"आणि पाणी बरा उकळ. काविळीची जागा त्या मेल्यान खाल्ल्यान."